वज्रघंटेची लहर : मोजमाप, दुरुस्ती आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

एका तिबेटी विहाराच्या वापरातल्या पाच घंटा ताब्यात घेतल्या. तिबेटीत हिला ड्रिल्बु म्हणतात, संस्कृत ग्रंथांत वज्रघंटा. २८ फेब्रुवारीला लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष आहे, त्याआधी पाचही परत पोचल्या पाहिजेत. काम तीन भागांत: मोजमाप, लागेल तिथे दुरुस्ती, शेवटी ध्वनिमुद्रण. देण्याआधी विहाराने आपला विधी केलेला आहे. मुठीच्या पोकळीत प्राणप्रतिष्ठेचं द्रव्य भरलेलं असू शकतं, त्यामुळे सीलबंद मूठ कुठल्याही परिस्थितीत उघडायची नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली आहे.

क्रमांक दिले. घं-१ आणि घं-२ देहरादूनच्या घडणीच्या. घं-३ नेपाळमधल्या पाटणच्या बाजारातली. घं-४ जुनी, विहाराच्या सांगण्यानुसार पूर्व तिबेटातल्या खाम भागातली. देर्गे हे धातुकामासाठी नावाजलेलं ठिकाण त्याच भागातलं. घं-५ तशीच जुनी, पण हातात घेऊन हलवली की बद्द वाजते. तडा आहे हे ऐकताच कळतं. कुठे आहे ते शोधायचं.

५ जानेवारी

मापं. व्हर्नियरने काठाची जाडी आठ ठिकाणी घेतली, तोंडाचा व्यास चार दिशांना.

घं-१: उंची १७६ मि.मी., तोंड ९३, काठ ३.४, वजन ६१२ ग्रॅम. घं-२: उंची आणि तोंड तेवढंच, काठ ३.३, वजन ६०४. घं-३: तोंड ८८, काठ जेमतेम २.६, वजन ४३१. घं-४: उंची १८४, तोंड ९७, काठ ३.१, वजन ६६८. घं-५: तोंड ९५, काठ ३.०.

घं-४ च्या काठाची जाडी एका बाजूला २.९ आणि दुसरीकडे ३.३ भरते. तोंडाचा व्यासही एका दिशेला ०.४ मि.मी. जास्त. हाताने केलेल्या साच्यातून ओतलेल्या वस्तूत एवढा फरक असतोच. तो दोष म्हणून लिहिलेला नाही, फक्त लिहिलेला आहे. आवाजाचं सगळं गणित याच फरकावर उभं आहे.

ज्यांनी ही घंटा जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी वरून खाली रचना. माथ्यावर अर्धं वज्र, पाच किंवा नऊ कळ्यांचं. घंटेसोबतच्या दोर्जेच्या, म्हणजे वज्राच्या कळ्या तेवढ्याच असाव्या लागतात, कारण दोन्ही जोडीने घडवतात. त्याखाली प्रज्ञापारमिता देवीचा चेहरा, मग कलश. तिथे मूठ संपते. घंटेच्या खांद्यावर अष्टदल कमळ, प्रत्येक पाकळीवर एक बीजाक्षर. पोटावर कीर्तिमुखं आणि त्यांच्या तोंडातून लोंबणाऱ्या मोत्यांच्या माळा. आपल्याकडच्या देवळाच्या उंबऱ्यावर दिसणारं कीर्तिमुख ते हेच. काठाच्या थोडं वर मोत्यांच्या दोन रांगांमध्ये उभी वज्रं. त्याखाली काठाचा पट्टा कोरा.

घं-४ ची वज्रं मोजली: बरोबर ३२. प्रत्येक वज्र म्हणजे ११.२५ अंश. घंटेवर कोनमापक आयताच कोरलेला मिळाला. बाजारी नकलांत ही संख्या चुकते किंवा वज्रांमधलं अंतर सारखं नसतं, म्हणून आधी मोजावं, मगच कोनमापक म्हणून वापरावं.

७ जानेवारी

धातूबद्दल. घं-१, २, ४, ५ यांचं अंग कांशाचं आहे: तांबं साधारण ७८ ते ८० टक्के, बाकी कथील. मूठ वेगळी ओतलेली, पितळेसारख्या पिवळ्या धातूची. मुठीच्या बुडाशी नखाएवढी जागा पुसली की दोन रंग शेजारी शेजारी दिसतात. मूठ पिवळी, अंग फिकट राखाडी सोनेरी. घं-३ वरपासून खालपर्यंत एकाच पिवळ्या रंगाची, म्हणजे अंगही पितळेचं.

घंटा सात धातूंची असते हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. चांगल्या घंटेला तांबं आणि कथील पुरतं. कथील २० टक्क्यांच्या पुढे गेलं की सावकाश थिजताना धातूत एक कडक, ठिसूळ घटक तयार होतो. खणखणीतपणा आणि लांब चालणारा नाद त्याच्यामुळेच येतो, आणि फरशीवर पडली की तडा जातो तोही त्याच्यामुळेच. दोन्ही गुण एकाच गोष्टीचे आहेत. पितळ मऊ, पडलं तर पोचा येतो, पण नादही लवकर विझतो. घं-३ चा मूळ स्वर ९ सेकंदांत ऐकू येईनासा होतो, घं-४ चा २८ सेकंद टिकतो. घड्याळ लावून, रात्री ११ नंतर, पंखा बंद ठेवून मोजलेलं आहे.

९ जानेवारी

घं-५ चा तडा. काठ आतून-बाहेरून रॉकेलने पुसला, दहा मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने स्वच्छ केला आणि वर खडूची भुकटी लावली. चिरेत राहिलेलं रॉकेल खडूत उमटतं. काठापासून वर १४ मि.मी. लांबीची एक काळपट रेघ मिळाली, मोत्यांच्या खालच्या रांगेपर्यंत. डोळ्यांना ती एरवी दिसत नव्हती.

डाग देणं, झाळणं वगैरे काही करायचं नाही. कांशाला एका जागी कडक आंच लागली की चीर पुढे सरकते. घं-५ चा लोलक काढून कापसात गुंडाळून वेगळा ठेवला, म्हणजे कुणी सवयीने वाजवणार नाही. तिची मापं आणि छायाचित्रं घेतली, ध्वनिमुद्रण नाही.

१२ जानेवारी

पहिलं ध्वनिमापन. आजचे सगळे आकडे रद्द.

घंटा मुठीतून दोरा ओवून टांगली होती आणि लाकडी मण्याच्या काठीने टोला देत होतो. टांगलेली घंटा टोल्यानंतर दोऱ्यावर सावकाश गरगरते. तिचा आवाज सगळ्या बाजूंना सारखा जात नाही. काठाभोवती चार जोरकस दिशा आणि मधे चार मंद दिशा असतात. घंटा फिरली की मायक्रोफोनसमोरून या दिशा आळीपाळीने जातात आणि आवाज लहान-मोठा होतो. ही खोटी लहर, म्हणजे आवाजाचं झुलणं, घंटेच्या स्वतःच्या लहरीत मिसळली. घं-१ ला तीन वेळा मोजलं तर तीन वेगळे आकडे आले, तेव्हा लक्षात आलं.

उपाय: मूठ लाकडी शेगड्यात, म्हणजे आवळायच्या पकडीत, दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून, हलकी आवळायची. मूठ धरल्याने मूळ स्वर मरत नाही, कारण त्या स्वरात घंटेचा माथा जवळपास हलतच नाही. हलतो तो काठ. उलट काठाला कागदाची कड जरी टेकली तरी नाद बसतो.

१४ जानेवारी

शेगडा लावून पुन्हा. मायक्रोफोन लहान पडद्याचा, सर्व दिशांनी सारखं घेणारा, काठाच्या पातळीवर ६० सें.मी. अंतरावर. घंटेच्या तोंडाखाली ठेवला तर आकडे फसवे येतात. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. प्रत्येक टोल्याचे १२ सेकंद. जवळजवळचे दोन स्वर वेगळे दिसायला एवढा वेळ लागतोच: दोन सेकंदांच्या तुकड्यात अर्ध्या हर्ट्झपेक्षा बारीक फरक सुटा होत नाही.

मूळ स्वर: घं-१ ला १०९४ हर्ट्झच्या आसपास, घं-२ ला १०४०, घं-४ ला ९०५. घं-४ चे वरचे दोन स्वर २३९१ आणि ४३६२, म्हणजे मूळ स्वराच्या २.६४ आणि ४.८२ पट. सप्तकात कुठेच न बसणारी गुणोत्तरं. त्यामुळे "घंटा कुठल्या सुरात आहे" याला एकच उत्तर देता येत नाही. टोला देताच कानावर पडतो तो वरचा स्वर. तो चार-पाच सेकंदांत जातो आणि खालून मूळ स्वर एकटा उरतो. ट्यूनरच्या ॲपला टोल्याच्या क्षणी एक स्वर दिसतो, दहा सेकंदांनी दुसरा.

मुख्य गोष्ट अशी की मूळ स्वर प्रत्येक घंटेत एक नाही, दोन आहेत. घं-४ मध्ये ९०३.६ आणि ९०६.०. घं-२ मध्ये ३.४ हर्ट्झचं अंतर, घं-१ मध्ये फक्त ०.६. पूर्ण गोल, सगळीकडे सारख्या जाडीच्या घंटेत हे दोन्ही एकच असते. काठ वाजताना लंबगोल होतो, मग आडवा लंबगोल, सेकंदाला नऊशे वेळा. जाडी थोडी असमान असल्याने या लंबगोलाला दोन पसंतीच्या दिशा मिळतात, एकमेकींपासून ४५ अंशांवर, आणि दोन्हींची गती किंचित वेगळी असते. दोन्ही एकदम वाजल्या की आवाज झुलतो. पाठ्यपुस्तकात याला विस्पंद म्हणतात, इथून पुढे लहर म्हटलं आहे. घं-४ ची लहर दोन सेकंदांत पाच वेळा.

तंबोरा लावणाऱ्या कानाला हे खटकेल. जोडीच्या तारा जुळवताना लहर थांबेपर्यंत मणी सरकवायचा हीच तिथली शिस्त. इथे ती शिस्त लावायची नाही. टाळाच्या दोन वाट्यांतून जी झिणझिण येते तिला कुणी दोष म्हणत नाही. ड्रिल्बुत ती एकाच वाटीतून येते, इतकंच.

१५ जानेवारी

तापमानाची तपासणी. सकाळी खोली १६ अंश, दुपारी २७. घं-२ चे दोन्ही स्वर दुपारी २ हर्ट्झने उतरले, त्यांच्यातलं ३.४ चं अंतर मात्र तसंच राहिलं. म्हणजे स्वराचा आकडा तापमानासकट लिहायचा. लहरीचा आकडा एकटा चालतो. घंटा ओळखण्यासाठी लहर हीच जास्त भरवशाची खूण.

१८ जानेवारी

घं-४ कोड्यात टाकते. शेगड्यात लाकडी मण्याने वाजवली तर लहर स्पष्ट. पण विहारात धरतात तशी डाव्या हातात, चेहरा आपल्याकडे करून, स्वतःच्या लोलकाने वाजवली तर लहर जवळपास गायब. आवाज सरळ, काहीसा कोरडा. दहा टोले मुद्रित केले. झोका एक-दोन डेसिबलच्या वर जात नाही.

चेहरा आपल्याकडे ही गोष्ट विधीतली आहे, पण ध्वनीसाठीही निर्णायक आहे. मनगट पुढे-मागे हलतं, लोलक चेहऱ्याच्या बाजूला आणि नेमका त्याच्या मागे आपटतो. वर्षानुवर्षं त्याच दोन जागा. मूठ घंटेवर कुठल्या कोनात बसवली आहे, त्यावर टोला काठावर कुठे पडणार हे ठरतं, आणि तो कुठे पडतो त्यावर लहर.

१९ जानेवारी

घं-४ चा काठ ३२ जागी वाजवून पाहिला. चेहऱ्याखालचं वज्र क्र. १ धरलं, पुढे घड्याळाच्या दिशेने. मण्याची काठी ६ ग्रॅमची, टोला कोऱ्या पट्ट्यावर, प्रत्येक जागी तीनदा.

लहर पूर्ण विरते अशा आठ जागा मिळाल्या: १, ५, ९, १३, १७, २१, २५, २९. प्रत्येक चार वज्रांनंतर, म्हणजे ४५ अंशांवर. यांत एक आड एक फक्त खालचा स्वर आणि फक्त वरचा स्वर ऐकू येतो. ऐन मधल्या जागी, ३, ७, ११ वगैरे, दोन्ही सारखे वाजतात आणि लहर सर्वांत खोल. हे ॲपशिवायही जमतं. शांत खोली, एक लाकडी मणी आणि सवयीचा कान पुरतो.

ताळा पाहण्यासाठी मेण. पहिल्यांदा १ ग्रॅमचा गोळा चिकटवला आणि फसलो: त्याने स्वर साडेपाच हर्ट्झने खाली ओढला. घंटेचं स्वतःचं अंतर २.४ असताना एवढं वजन पडलं की पसंतीच्या दिशा मेणाकडे वळतात. मग आपण घंटा मोजत नाही, मेण मोजतो. ०.१ ग्रॅमचा मणी लावल्यावर नीट उत्तर आलं: वज्र १ वर लावला तर फक्त एक स्वर ०.६ हर्ट्झने उतरतो, दुसरा जागचा हलत नाही. टोल्यांच्या तपासणीशी हे तंतोतंत जुळलं.

म्हणजे घं-४ चा लोलक सध्या नेमका अशा जागी पडतो आहे जिथे लहर उठूच शकत नाही.

२० जानेवारी

लोलक काढून घं-४ उलटी धरली आणि विजेरी तिरपी लावून आतला काठ पाहिला. काठापासून ८ मि.मी. वर दोन चकाकते डाग समोरासमोर, वज्र १ आणि १७ च्या मागे. हे अपेक्षित होतं. पण वज्र ३ आणि १९ च्या मागे आणखी दोन डाग आहेत: जास्त रुंद, बोट फिरवलं की खोलगट लागणारे, वर जुन्या वापराचा तपकिरी थर चढलेला. नवे डाग नुसते चकाकतात, बोटाला लागत नाहीत.

मग खांद्याकडे पाहिलं. बाकी चारही घंटांत चेहऱ्याचं नाक कमळाच्या एका पाकळीच्या मध्यरेषेवर येतं. घं-४ मध्ये ते दोन पाकळ्यांच्या मधल्या खाचेवर आहे. पाकळ्या आठ, प्रत्येकी ४५ अंश. अर्धी पाकळी २२.५ अंश, वज्रांत मोजलं तर दोन. जुन्या आणि नव्या डागांमधलं अंतरही तेवढंच.

केव्हातरी मूठ निघाली होती आणि परत बसवताना अर्ध्या पाकळीने फिरली. माथ्याच्या भोकाभोवती चकचकीत, काचेसारखा इपॉक्सीचा ओघळ आहे. बसवणाऱ्याने काम मजबूत केलं, कोनाची खूण मात्र केली नाही. लहरीसाठी २२.५ अंश ही सगळ्यांत वाईट चूक: सर्वांत खोल लहरीच्या जागेवरून थेट शून्याच्या जागेवर. ४५ अंशांनी फिरली असती तर कुणाला कळलंही नसतं.

विहाराला कळवलं. जुन्या कोनात बसवायला होकार आहे. मुठीचं वरचं सील शाबूत आहे. काम फक्त खालच्या सांध्यात, त्यामुळे त्यांची अट पाळली जाते.

२५ जानेवारी

घं-३ ची खरखर. प्रत्येक टोल्यानंतर आवाजाला कागद फडफडल्यासारखी किनार. तीन कारणं निघाली.

मूठ सैल: बोटाने दाबून वाजवली की खरखर निम्मी. लोलक तारेच्या कडीत, आणि कडी आकड्यात वाजत होती. तिसरं, लोलक आखूड: काठापासून २१ मि.मी. वर, अंगाच्या पातळ भागावर आपटत होता. ठोसर, बसका आवाज त्यामुळेच.

तार काढून ४ मि.मी. रुंद चामडी वादी लावली. लोलकाचा जाड भाग काठापासून ६ ते १० मि.मी. आत पडला पाहिजे. घं-३ ला ८ ठेवला. वादी फार लांब झाली तर लोलक तोंडाबाहेर येऊन काठाच्या धारेवर आपटतो आणि धार झडते. फार ताठ असेल तर लोलक टोल्यानंतर मागे न येता काठाला टेकून राहतो, नाद गळा दाबल्यासारखा थांबतो. फार ढिली असेल तर दुहेरी टोला पडतो. वादी रात्रभर एरंडेल तेलात भिजवून, पुसून, दुसऱ्या दिवशी बांधली.

लोलक लोखंडीच राहू दिला. चारही घंटांत तो लोखंडीच आहे, घं-४ मध्ये अष्टकोनी. लोखंड कडक, काठाला लागून पटकन सुटतं, म्हणून वरचे स्वर उठतात. घं-१ वर एकदा पितळी लोलक लावून पाहिला: चकाकी गेली, मूळ स्वर तेवढा राहिला. काहींना हा गोड वाटेल. समूहपठणाच्या खर्जातून वर यायला मात्र वरचेच स्वर लागतात.

१ फेब्रुवारी

घं-४ ची मूठ सोडवली. आधी सध्याच्या कोनाची खूण कागदी पट्टीवर, अंगावर नाही. लोलक आणि वादी काढली. पातेल्यात साध्या तापमानाचं पाणी, तळाशी चौपदरी फडकं, त्यावर घंटा तोंड खाली करून. पाणी फक्त सांधा बुडेल एवढं, सील पाण्याच्या वर. गॅस अगदी बारीक. ३० अंशांपासून ७५ पर्यंत जायला ४० मिनिटं घेतली. गरम पाण्यात थंड घंटा कधीही टाकायची नाही, आणि काढल्यावर ओट्याच्या गार दगडावर ठेवायची नाही. एका अंगाला झटका बसून चीर पडते.

पहिल्या वेळी इपॉक्सी मऊ झालं पण सुटलं नाही. त्याच पाण्यात गार होऊ दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. यावेळी बांबूच्या खुंटीने रेटल्यावर आतली खीळ निघाली आणि मूठ हातात आली. ठोकाठोकी शून्य. भोकाच्या कडेचा चिकट थर बांबूच्या पातीने खरवडला. लोखंडी पातं वापरलं असतं तर कांशावर ओरखडे उठले असते.

४ फेब्रुवारी

मूठ परत. भरण: राळ ४ भाग, मधमाशीचं मेण १ भाग, दोनदा चाळलेली विटेची पूड ४ भाग, वजनाने. राळ आणि मेण आधी वितळवून मग पूड थोडी थोडी. नुसती राळ ठिसूळ राहते, मेण जास्त झालं की मूठ उन्हाळ्यात डुलायला लागते. इपॉक्सीपेक्षा हे कमजोर आहे आणि तेच हवं: पुढच्या दुरुस्तीला ते कोमट पाण्यात सुटलं पाहिजे.

नाक पाकळीच्या मध्यरेषेवर आणि वज्र ३ च्या वर आणलं. खांद्यावर दोन दोरे ताणून, वरून आणि समोरून पाहून. भरण घट्ट व्हायला चार-पाच मिनिटंच मिळतात. घाई झाली तर कोन दोन-तीन अंशांनी चुकतो. पहिल्यांदा चुकला, पुन्हा कोमट करून सुधारला. सांध्याच्या आत सुईने लहानशी खूण कोरली, बाहेरून न दिसणारी.

संध्याकाळी लोलक बांधून हातात वाजवली. लहर आली, पहिल्याच टोल्याला.

५ फेब्रुवारी

मोजून खात्री. हातातल्या टोल्यात आता झोका २० डेसिबलच्या वर, दोन सेकंदांत पाच. दोन्ही स्वर ९०३.६ आणि ९०६.० तिथेच आहेत, काहीही हललेलं नाही. घंटा बदलली नाही, फक्त तिला पूर्वीच्या जागी टोला बसतो आहे.

एक बारकावा लिहून ठेवण्याजोगा. मनगट पुढे-मागे हलवा की डावी-उजवीकडे, मूळ स्वराची लहर तीच राहते, कारण ९० अंशांच्या फरकाने त्या लंबगोलाला काहीच फरक पडत नाही. दुसऱ्या स्वराचं तसं नाही. तिथे काठ तीन कोपऱ्यांत वाकतो, आणि ९० अंश फिरलं की त्याच्या जोडीतला दुसरा सूर पुढे येतो. म्हणून आडव्या हलवण्यात सुरुवातीची चकाकी वेगळी लागते आणि शेपटी सारखीच. वाजवणारे भिक्षू दोन्ही रीती वापरतात. मुद्रणात दोन्ही वेगळ्या नोंदवायच्या.

९ फेब्रुवारी

काठी फिरवण्याबद्दल. चामडं गुंडाळलेली काठी बाहेरच्या काठावर घासत फिरवली की घंटा गाते. विकणारे हे हटकून करून दाखवतात. विधीत घंटा हलवूनच वाजते. घं-१ वर एकदा करून पाहिलं: एका सेकंदाला साधारण एक फेरी, दाब सारखा. फक्त मूळ स्वर उठतो, आणि चार मंद जागा काठीच्या मागोमाग फिरत असल्याने एका फेरीत चार झोके ऐकू येतात. ही घंटेची लहर नव्हे. दाब कमी किंवा गती जास्त झाली की काठ काठीवर कडकड आपटतो. घं-४ वर हे करायचं नाही. कोरा पट्टा अरुंद आहे आणि मोत्यांची खालची रांग झिजेल.

स्वच्छताही आज उरकली: मऊ कुंचला, ऊर्ध्वपातित पाणी, लगेच कोरडं फडकं. देवघरातल्या पितळेला चिंच लावायची आपली सवय इथे आवरायची. आम्लाने कांशातला तांब्याचा भाग खाल्ला जातो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. घं-५ च्या आत भुकटीसारखे हिरवे ठिपके आहेत. ते घट्ट हिरव्या थरापेक्षा वेगळे: क्षार अजून काम करतो आहे याची खूण. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवली.

१५ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण. चार भिंतींना चार गोधड्या, खिडकीच्या काचेला आतून ब्लँकेट. नाहीतर घं-४ च्या ९०५ ला काच साथ देते. पहिला टोला फुटला: सुरुवातीचे काही मिलिसेकंद मीटरच्या सुईला दिसत नाहीत इतके टोकदार असतात. शिखर −१२ डेसिबलच्या खाली राहील एवढी पातळी उतरवली.

घं-५ सोडून प्रत्येक घंटेचे एकेरी टोले, पूर्ण विझेपर्यंत. मग सलग निनाद. मग उजव्या हातात डमरू, डाव्या हातात घंटा. आपल्या पूजेतही घंटा डाव्या हातातच असते, उजव्यात निरांजन. च्योद या तिबेटी बौद्ध साधनेत डमरू मोठा असतो आणि त्याच्या ठोक्याबरोबर घंटेचा टोला यावा लागतो. घं-४ ची संथ लहर दोन ठोक्यांमधली जागा भरून काढते, घं-२ ची जलद लहर डमरूच्या गोट्यांच्या आवाजात हरवते. हे आकड्यांवरून आधी कळलं नव्हतं.

महाराष्ट्रात हा मेळ रोजच्या वापरात ऐकायचा तर गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची.

२२ फेब्रुवारी

बांधाबांध. लोलक सुती पट्टीने गुंडाळून काठापासून अलग, घंटा तोंड खाली, काठाखाली फेल्ट. घं-४ सोबत मराठी आणि तिबेटीत चिठ्ठी: मूठ राळेवर बसवली आहे, बंद गाडीत उन्हात ठेवू नये, सांधा कधी सुटला तर नाक पाकळीच्या मध्यावर, वज्र ३ च्या वर, आतली खूण जुळवून बसवावं. घं-५ च्या चिठ्ठीत तड्याची जागा आणि लांबी. घं-३ ची वादी सहा महिन्यांनी तपासायची आहे, आकड्यापाशी ती सगळ्यांत आधी झिजेल.